समीकरण येतं कुठून?

दहावीच्या वर्गात फळ्यावर शाब्दिक उदाहरण लिहिलं की बहुतेक वह्यांमध्ये पहिली ओळ एकसारखी उमटते: समजा, क्ष मानू. दुसरी ओळ मात्र थोड्याच वह्यांमध्ये येते. कंस सोडवणं, पक्षांतर, भागाकार ही पुढची कामं मुलांना येत असतात, कारण सातवी-आठवीपासून ती गिरवलेली असतात. अडतं ते पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मधे. समीकरण आणायचं कुठून, हे त्यांना कोणी नेमकं सांगितलेलं नसतं. ‘उदाहरण नीट वाचा’ एवढाच सल्ला मिळतो, आणि मूल तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचून तिथंच थांबून राहतं.

वाचताना शोधायचं काय, हे कळलं तर गाडी पुढे जाते. शोधायची असते अशी एक राशी, जी दोन वेगळ्या रीतींनी लिहिता येईल. ती रक्कम असेल, अंतर असेल, वय असेल, क्षेत्रफळ असेल. एका रीतीने ती लिहा, दुसऱ्या रीतीने लिहा, आणि दोन्हींच्या मधे बरोबरचं चिन्ह घाला. झालं समीकरण. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती यांची पुस्तकं वेगळी, पेपर वेगळे, त्यामुळे मुलांना ते दोन परके विषय वाटतात. पण ही एक युक्ती दोन्हीकडे चालते, आणि हे दाखवण्यासाठीच हा लेख आहे.

सुरुवात एसटीपासून करू. एका फेरीत एकाच टप्प्याची ४२ तिकिटं फाटली. पूर्ण तिकीट ८० रुपये, अर्धं ४० रुपये, जमा रक्कम २,४८० रुपये. पूर्ण तिकिटं किती आणि अर्धी किती? (२०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे अर्ध्या तिकिटांचा आकडा आता मोठा निघाला तर नवल नाही. पंचाहत्तरी ओलांडलेले मोफत प्रवासी आणि पासवाले यात धरलेले नाहीत.)

आधी क्ष म्हणजे काय ते पूर्ण वाक्यात लिहा. ‘क्ष = पूर्ण तिकिटं’ एवढं पुरत नाही. तिकिटांची संख्या की तिकिटांचे पैसे, हा घोळ पुढे नक्की होतो. ‘पूर्ण तिकिटांची संख्या क्ष मानू’ असं लिहिलं की अर्ध्या तिकिटांची संख्या आपोआप ४२ − क्ष होते. आता दोन रीतींनी कोणती राशी सांगता येते? जमा रक्कम. एक रीत कंडक्टरच्या हिशेबाची: २,४८०. दुसरी रीत तिकिटांवरून: ८०क्ष + ४०(४२ − क्ष). म्हणून,

८०क्ष + ४०(४२ − क्ष) = २,४८०
४०क्ष + १,६८० = २,४८०
क्ष = २०

पूर्ण २०, अर्धी २२. आता ताळा पाहायचा, आणि तो समीकरणात नव्हे तर मूळ उदाहरणात. २० पूर्ण तिकिटांचे १,६०० आणि २२ अर्ध्या तिकिटांचे ८८०, एकूण २,४८०. समीकरणच चुकीचं मांडलं असेल, तर त्यात उत्तर घालून पाहिलेला ताळा खुशाल जुळतो. म्हणून ताळ्यासाठी नेहमी शब्दांकडे परत जायचं.

हेच उदाहरण क्ष न मानताही सुटतं. सगळ्यांनी अर्धंच तिकीट काढलं असं धरा, तर १,६८० रुपये जमले असते. प्रत्यक्षात ८०० जास्त आहेत. प्रत्येक पूर्ण तिकिटामागे ४० रुपये जास्त येतात, म्हणून पूर्ण तिकिटं २०. वरच्या समीकरणाची मधली ओळ पाहा, हाच विचार तिथं चिन्हांत लिहिलेला आहे. मुलांनी कधीतरी दोन्ही वाटांनी जाऊन पाहावं असं मला मनापासून वाटतं. मग पक्षांतर हा चिन्ह बदलण्याचा नुसता नियम राहत नाही, त्यामागे काय चाललंय ते दिसतं.

वयाच्या उदाहरणांत एकच चूक वर्षानुवर्षं होत आली आहे. वडिलांचं आजचं वय मुलाच्या तिप्पट आहे, १२ वर्षांनी ते दुप्पट होईल, तर आजची वयं किती? पुष्कळ मुलं ३क्ष + १२ = २क्ष + १२ असं लिहितात आणि क्षची किंमत शून्य आलेली पाहून गोंधळतात. वर्षं दोघांचीही वाढतात, आणि दुप्पट करायचं ते मुलाचं वाढलेलं वय. दोन ओळींचा तक्ता काढा: आज मुलगा क्ष, वडील ३क्ष, १२ वर्षांनी मुलगा क्ष + १२, वडील ३क्ष + १२. वडिलांचं १२ वर्षांनंतरचं वय दोन रीतींनी मिळालं: ३क्ष + १२ आणि २(क्ष + १२). क्ष = १२. आज १२ आणि ३६, पुढे २४ आणि ४८.

टक्केवारीत घोटाळा होतो तो शंभर टक्के कशाला धरायचे यात. दुकानातल्या वस्तूची १८ टक्के जीएसटी धरून किंमत १,१८० रुपये आहे. मूळ किंमत किती? घाईत माणूस १,१८० मधून त्याचेच १८ टक्के, म्हणजे २१२ रुपये ४० पैसे वजा करतो आणि ९६७ रुपये ६० पैसे असं उत्तर देतो. पण कर लागला तो मूळ किमतीवर. मूळ किंमत क्ष मानली तर क्ष + ०.१८क्ष = १,१८०, म्हणून क्ष = १,०००. ९६७.६०वर १८ टक्के चढवून पाहिले असते, तर १,१४१ रुपयांच्या आसपासच आकडा आला असता आणि चूक तिथंच सापडली असती.

आता जागेकडे वळू, कारण भूमितीचा खरा व्यवहार जमिनीवरच होतो. एका आयताकृती प्लॉटचं क्षेत्रफळ १,२०० चौरस फूट आहे आणि लांबी रुंदीपेक्षा १० फुटांनी जास्त आहे. रुंदी क्ष फूट मानली तर क्षेत्रफळ एका रीतीने १,२०० आणि दुसऱ्या रीतीने क्ष(क्ष + १०). वर्गसमीकरण मिळतं: क्ष² + १०क्ष − १,२०० = ०. अवयव (क्ष + ४०)(क्ष − ३०). क्ष = ३० किंवा क्ष = −४०. वजा ४० सोडून द्यायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते आलं कुठून, हे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. रुंदी −४० धरली तर लांबी −३० होते, आणि दोन ऋण संख्यांचा गुणाकार पुन्हा १,२००च येतो. समीकरणाला आपण फक्त ‘दोन संख्यांत १०चा फरक, गुणाकार १,२००’ एवढंच सांगितलं होतं. रुंदी ऋण नसते ही माहिती आपल्याकडे आहे, समीकरणाकडे नाही. म्हणून उत्तर निवडण्याचं काम शेवटी आपलंच.

तर प्लॉट निघाला ३० बाय ४०. यावर घर बांधताना गवंडी पायाची आखणी करतो तेव्हा कोपरा काटकोनात आला पाहिजे. हातातला गुण्या लहान असतो, मोठ्या आखणीला तो पुरत नाही. मग तो दोऱ्या ताणतो, एका दोरीवर कोपऱ्यापासून ३ फुटांवर खूण करतो, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत एक दोरी सरकवतो. ३² + ४² = ५², म्हणून कोपरा काटकोन. इथं वापरलेला आहे तो पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास. प्रमेय सांगतं की काटकोन असेल तर वर्गांची बेरीज जुळते. व्यत्यास सांगतो की बेरीज जुळली तर काटकोन असतो. परीक्षेत कारण लिहिताना मुलं दोन्हीकडे ‘पायथागोरसच्या प्रमेयाने’ असंच लिहितात. गवंड्याचं काम डोळ्यांसमोर आणलं तर फरक विसरायला होत नाही.

अनुभवी गवंडी ३-४-५ वर थांबत नाही, तो ९-१२-१५ घेतो. प्रमाण तेच, मग हा खटाटोप कशाला? समजा टेप धरताना कर्णात अर्धा इंच चूक झाली. ३-४-५ मध्ये तेवढ्या चुकीने कोन जवळजवळ एका अंशाने बिघडतो, आणि ३० फूट लांब भिंतीचं पलीकडचं टोक सहा इंच सरकतं. तीच अर्ध्या इंचाची चूक ९-१२-१५ मध्ये झाली तर टोक दोनच इंच सरकतं. आखणी पुरी झाल्यावर तो दोन्ही कर्ण मोजतो. समोरासमोरच्या बाजू समान आहेतच. कर्णही समान निघाले तर चौकोन आयत. आपल्या ३० बाय ४० प्लॉटचे कर्ण ५०-५० फूट यायला हवेत. पुन्हा ३-४-५च, दहापट.

आता मला सर्वांत आवडणारं उदाहरण. एका शेताचा तुकडा त्रिकोणी आहे. बाजू १३०, १४० आणि १५० फूट. तुकडा किती गुंठ्यांचा? पाया १४० धरला तर क्षेत्रफळ = ½ × पाया × उंची. पण उंची मोजलेली नाही. उभ्या पिकातून लंब टाकून मोजत बसणं सोपंही नाही.

कच्ची आकृती काढा. त्रिकोण अबक, पाया बक १४० फूट, अब १३०, अक १५०. ‘अ’मधून पायावर लंब टाका, तो पायाला ‘ड’मध्ये मिळतो. बड किती ते माहीत नाही, त्याला क्ष म्हणा. मग डक = १४० − क्ष. लंबाने त्रिकोणाचे दोन काटकोन त्रिकोण केले, आणि लंब दोघांच्याही वाट्याला आहे. इथं आपली युक्ती लागू पडते, कारण एकच उंची दोन रीतींनी लिहिता येते. डाव्या त्रिकोणातून उंचीचा वर्ग = १३०² − क्ष². उजव्या त्रिकोणातून उंचीचा वर्ग = १५०² − (१४० − क्ष)². दोन्ही समान:

१६,९०० − क्ष² = २२,५०० − १९,६०० + २८०क्ष − क्ष²

दोन्ही बाजूंचा क्ष² जातो. मांडताना समीकरण वर्गाचं दिसत होतं, पण उरतं ते साधं रेषीय:

१६,९०० = २,९०० + २८०क्ष
क्ष = ५०

उंचीचा वर्ग १६,९०० − २,५०० = १४,४००, म्हणून उंची १२० फूट. क्षेत्रफळ ½ × १४० × १२० = ८,४०० चौरस फूट. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, १,०८९ चौरस फूट. तेव्हा तुकडा सुमारे ७.७ गुंठ्यांचा. पायाच्या या दोन भागांना, बड आणि डकला, आपल्या जुन्या गणितात आबाधा म्हणतात.

शाळेत शिकवलेलं हेरॉनचं सूत्र इथं लावून पाहा. अर्धपरिमिती २१०, २१० × ८० × ७० × ६० यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ८,४००. उत्तर तेच, आणि या सूत्राची सिद्धताही वरच्याच रीतीने, १३०, १४०, १५० यांच्या जागी अक्षरं घालून होते. सूत्र पाठ करणाऱ्याने एकदा तरी ही वाट चालून पाहावी.

त्रिकोणाला तीन बाजू पुरतात. चौकोनाला चार बाजू पुरत नाहीत, आणि हे न कळल्याने लोकांचे खरोखर पैसे जातात. चौकोनी तुकड्याच्या समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, हा फार जुना ठोकताळा आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्रह्मस्फुटसिद्धांता’त या रीतीला स्थूल म्हणून वेगळं काढलं होतं. स्थूल म्हणजे किती ते पाहू. चारही बाजू १०० फूट असलेला तुकडा घ्या. सरासरीच्या रीतीने १०,००० चौरस फूट, म्हणजे ९.१८ गुंठे. पण कोपरे काटकोनात आहेत हे कोणी पाहिलं? तुकडा कलता असेल आणि त्याचा एक कर्ण १२० फूट भरला, तर तो समभुज चौकोन. त्याचे कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात, म्हणून दुसरा कर्ण १६० आणि क्षेत्रफळ ½ × १२० × १६० = ९,६०० चौरस फूट. कर्ण ५६ फूटच भरला तर दुसरा १९२ आणि क्षेत्रफळ ५,३७६ चौरस फूट, म्हणजे पाच गुंठ्यांनाही जरा कमी. बाजू त्याच, कुंपणाची तार तेवढीच, आणि जमीन जवळजवळ निम्मी. सरासरीची रीत चुकली तर नेहमी क्षेत्र जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. त्यामुळे तोटा होतो तो घेणाऱ्याचा. उपाय सोपा आहे. चार बाजूंबरोबर एक कर्णही मोजायचा, चौकोनाचे दोन त्रिकोण करायचे, आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ वरच्या रीतीने काढायचं. विद्यार्थ्यांनी हे घरी सांगावं. जागेच्या व्यवहारात याचा थेट उपयोग आहे.

त्याच ओघात, सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असतं. आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट. बोलताना आर आणि गुंठा एकच धरतात, पण गुंठा थोडा मोठा आहे. ४० गुंठ्यांचा एकर. १०० आरचा हेक्टर, म्हणजे २.४७ एकर.

पायथागोरसचं प्रमेय मात्र अजून आपण गृहीतच धरलेलं आहे. त्याची एक सिद्धता याच युक्तीची आहे. काटकोन त्रिकोणाच्या लहान बाजू अ आणि ब, कर्ण क. असे चार सारखे त्रिकोण पुठ्ठ्यातून कापा आणि त्यांचे कर्ण बाहेरच्या कडेला येतील असे जुळवा. क बाजूचा मोठा चौरस तयार होतो आणि मधे एक लहान चौरस रिकामा राहतो. त्याची बाजू अ − ब. आता मोठ्या चौरसाचं क्षेत्रफळ दोन रीतींनी लिहा: एका रीतीने क², दुसऱ्या रीतीने चार त्रिकोण अधिक मधला चौरस, म्हणजे २अब + (अ − ब)². कंस सोडवला की २अब जातो आणि क² = अ² + ब² उरतं. ही मांडणी भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात आहे. भूमितीचं प्रमेय, आणि ते सिद्ध होतं बीजगणिताच्या विस्तारसूत्राने.

दीपमाळेची किंवा झाडाची उंची सावलीवरून काढणं सर्वांना माहीत असतं. साडेचार फुटी मुलीची सावली ३ फूट, त्याच वेळी दीपमाळेची २४ फूट, तर दीपमाळ ३६ फूट. उंची आणि सावली यांचं गुणोत्तर दोन वेगळ्या समरूप त्रिकोणांतून लिहिलं, एवढंच. पथ्य एक पाळायचं. सावली मोजायची ती टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून. रुंद शिखराच्या बाबतीत तो बिंदू इमारतीच्या पोटात असतो, म्हणून भिंतीपासून मोजलेल्या सावलीत पायाची निम्मी रुंदी मिळवावी लागते.

विहिरीच्या पाण्याचा हिशेबही सोपाच, फक्त व्यास आणि त्रिज्या यांत गफलत नको. २० फूट व्यासाच्या विहिरीत १५ फूट पाणी असेल तर त्रिज्या १०, ३.१४ × १०० × १५ = ४,७१० घनफूट. घनफुटाला सुमारे २८.३ लिटर, म्हणजे १ लाख ३३ हजार लिटर. व्यासच त्रिज्या म्हणून घातला तर उत्तर थेट चौपट येतं. पाच लाख लिटर दिसल्यावर ‘एवढं पाणी या विहिरीत?’ असा प्रश्न पडायला हवा.

या सगळ्या रीती जुन्या आहेत. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ ११५० मध्ये पूर्ण केली. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, आणि त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण इथं आहे. ‘लीलावती’त खांबावरच्या मोराचं उदाहरण आहे. खांब ९ हात उंच, त्याच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबापासून २७ हातांवर साप दिसला, तो बिळाकडे निघाला, आणि मोराने वरून तिरपी झेप घेतली. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडली? ते अंतर क्ष मानलं तर साप चालला २७ − क्ष. मोराची झेप हा कर्ण, तिचा वर्ग क्ष² + ८१. दोन्ही अंतरं समान, म्हणून क्ष² + ८१ = (२७ − क्ष)². क्ष² दोन्हीकडून जातो आणि क्ष = १२ मिळतं. शेतातल्या त्रिकोणात झालं तसंच.

त्याच ग्रंथातलं दुसरं एक उदाहरण तुमच्यासाठी ठेवतो. ३२ हात उंचीचा सरळ वेळू सपाट जमिनीवर उभा होता. वाऱ्याने तो मधेच मोडला, आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. तर वेळू बुंध्यापासून किती हातांवर मोडला? कच्ची आकृती काढा, क्ष म्हणजे काय ते पूर्ण वाक्यात लिहा, आणि मोडून खाली आलेल्या तुकड्याची लांबी दोन रीतींनी लिहून पाहा.